जोडावर सांधा नको : एक बाय साडेचार फुटांतली गोदी

आमच्या घरी माझ्या छोट्या मॉडेल रेल्वेला 'गोदी' म्हणतात. दिवाणाखालच्या खणातून दोन पाट बाहेर येतात, डायनिंग टेबलावर एकमेकांना जोडले जातात आणि पाच मिनिटांत एक शंटिंग इंजिन आठ डबे इकडून तिकडे हलवायला लागतं. लांबी १३५ सेंटिमीटर, रुंदी ३०. रूळ, गोदामं, खडी धरून वजन पाच-साडेपाच किलो. साठी उलटलेली बाई एकटी काढते आणि एकटी ठेवते, यावरून काय ते समजा.

बेसबोर्डला, म्हणजे रूळ ज्यावर बसवतात त्या फळीला, मी पाट म्हणते. घरात तेच नाव पडलंय, इथेही तेच चालवते.

ही माझी दुसरी रेल्वे. पहिली लेक शाळेत असताना केली होती. सहा बाय चार फुटांचा पाट, अठरा मिलिमीटरचा प्लाय, त्यावर लंबगोल रूळ. अठराचा प्लाय म्हणजे भक्कम, चौकट कशाला हवी, असं मला वाटलं. तीस वर्षं दादरच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे ड्राफ्टिंग केलेल्या बाईला असं वाटावं हे कबूल करायलाही लाज वाटते, कारण तुळया नसलेला स्लॅब मी जन्मात कधी काढला नाही. नुसत्या प्लायचंच वजन पंचवीस किलोच्या वर गेलं. तो लिफ्टमध्ये शिरेना, पाच मजले जिन्याने चढवला. गणपतीत मखराला जागा करायची म्हणून पंधरा दिवस बाहेरच्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवला. आत घेतला तेव्हा मधोमध पोट सुटलेलं. पट्टी लावून मोजलं तर ११ मिलिमीटरचा झोल. त्यानंतर गाडी दर फेरीला त्याच जागी सुटायची आणि लेक म्हणायची, "आई, तुझा कसारा घाट आला."

म्हणून या खेपेला सगळा क्रम उलटा केला. रेल्वे चालू नसताना कुठे राहणार, हे सगळ्यात आधी ठरवलं. मग ती कोण उचलणार. मग पाट. मग रूळ. इंजिन शेवटी. दुकानात इंजिन काचेतून आपल्याकडे बघत असतं म्हणून हा क्रम पाळणं अवघड जातं, पण पाळा.

आधी खण मोजा

माझ्या दिवाणाचा खण आतून १८० बाय ६८ सेंटिमीटर, खोली २४. त्यातले ७ पाटाच्या चौकटीचे, राहिले १७. झाकण बंद होताना वर थोडी हवा हवी, म्हणून एकही गोदाम १४ सेंटिमीटरपेक्षा उंच करायचं नाही हे पाट करायच्याही आधी ठरलं. तुमच्याकडे माळा असेल, कपाटामागची फट असेल, कुठलीही जागा असो, तिच्या आतल्या मापातून दोन-दोन सेंटिमीटर कमी करा. ती तुमची हद्द.

आता त्या हद्दीत काय मावतं? मी एचओ मापात काम करते, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. (आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं की १९.३ येतात. म्हणजे या रुळावर आपली गाडी पावणेतीन मिलिमीटर अरुंद दिसते. मी ते चालवून घेते.) मुंबईकराच्या डोक्यात पहिली येते ती बारा डब्यांची लोकल. खरी लोकल अडीचशे मीटरच्या आसपास, तिचे ८७ ने भागून जवळजवळ तीन मीटर झाले. फलाट धरून भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त एक स्टेशन. गोल फिरवायची म्हटली तर दुकानातल्या वळणदार रुळांत नेहमी मिळणारी त्रिज्या ४३८ मिलिमीटर. वर्तुळाचा व्यासच ८८ सेंटिमीटर, कडा धरून पाट मीटरभर रुंद. आणि घाट? भोर घाटात रेल्वेचा चढ ३७ ला १ आहे, आणि मॉडेललाही मी तेवढाच धरला. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर ८ सेंटिमीटर उंची लागते. ८ गुणिले ३७ म्हणजे २९६ सेंटिमीटर, नुसते चढायलाच. उतरायचे वेगळे.

ही गणितं मी वहीच्या एका पानावर मांडली आणि तिन्ही खोडली.

उरलं शंटिंग, म्हणजे डबे पुढे-मागे ढकलून हव्या त्या क्रमाने लावणं. ॲलन राइट नावाच्या इंग्रज हौशी माणसाने 'इंगलनूक साइडिंग्ज' म्हणून एक छोटा आराखडा केला होता, तो जगभर वापरतात. दोन सांधे (एका रुळाला दोन फाटे फुटतात त्या जागा), तीन साइडिंग (डबे उभे करायच्या बाजूच्या लाइनी). एकीत पाच डबे मावतात, दोघींत तीन-तीन. डोक्याकडच्या लाइनीवर, म्हणजे सांध्यांच्या अलीकडच्या एकेरी रुळावर, इंजिन आणि तीन डबे, त्याहून एकही जास्त नाही. आठ डब्यांतून चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने पाच निघतील त्याच क्रमाने गाडी लावायची. आठातून पाच क्रमाने म्हणजे ८×७×६×५×४, म्हणजेच ६,७२० वेगवेगळ्या गाड्या. एवढ्याशा फळीत एवढा खेळ दुसऱ्या कशात नाही.

आणि हा आराखडा मला परका वाटलाच नाही. मी घोडपदेवची. वडील गोदीत टॅली क्लार्क होते. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ साली सुरू झाली. कॉटन ग्रीनपासून खाली दारूखान्यापर्यंत गोदामांच्या कडेने तिचे रूळ जायचे, आणि लहानपणी आम्ही बघितली ती रेल्वे म्हणजे हीच : एक इंजिन, चार डबे, हिरवा बावटा, आणि अर्धा तास पुढे-मागे. वडील डब्यांवर खडूने लिहिलेले आकडे वाचत जायचे.

खऱ्या मापात काढा

वही-पेन्सिलीचा आराखडा फसवतो. एक डबा, एका जोडणीच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत, स्वतः मोजा. माझे चार चाकी डबे १० सेंटिमीटरचे, इंजिन १४. सांधे छोट्या त्रिज्येचे, १८.५ सेंटिमीटर लांब. आता डावीकडून उजवीकडे चला.

डाव्या काठापासून ३ सेंटिमीटर सोडून बफर (लाइनीच्या शेवटचा अडथळा), त्याचे २. पुढे इंजिन आणि तीन डबे म्हणजे ४४. पहिल्या सांध्याचं टोक ५० वर ठेवलं, म्हणजे एक सेंटिमीटर हातचा राहिला. तो एकच असू द्या. जास्त दिलात तर कधीतरी चौथा डबा आत घुसतो आणि कोडं सुटायला सोपं होतं. पहिला सांधा ५० ते ६८.५. त्याच्या एका पायाला लगेच दुसरा सांधा, ६८.५ ते ८७. सांधा संपला की लगेच डबा उभा करता येत नाही, शेजारून जाणारी गाडी घासते, म्हणून ८ सेंटिमीटर मोकळे. तिथून तीन डब्यांचे ३०, बफरचे ३, एकूण १२८. पाच डब्यांची साइडिंग पहिल्याच सांध्यातून निघते : ६८.५ अधिक ८ अधिक ५० अधिक ३, म्हणजे १२९.५. पाट १३५ चा. बसलं.

हे सगळं वह्यांना कव्हर घालायच्या ब्राऊन पेपरवर खऱ्या मापात काढा. रूळ बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर सांध्यांचे खऱ्या मापाचे नमुने छापून घ्यायला मिळतात. झेरॉक्सवाल्याला निक्षून सांगा : शंभर टक्के, 'फिट टू पेज' नको. पहिल्यांदा माझे सांधे १७.८ सेंटिमीटरचे छापून आले होते. त्या कागदावर रेल्वे ऐसपैस मावत होती.

कागदावर डबे ठेवा, हाताने ढकला, पूर्ण डाव खेळून बघा. मी असं दोन रविवार नुसतं कागदावर खेळले. दुसऱ्या रविवारी कळलं की पाचची साइडिंग भिंतीकडे घेतली तर गोदामाच्या मागे हात जात नाही, डबे सोडवता येत नाहीत. सगळा आराखडा आरशात धरल्यासारखा उलटा केला.

जोड कुठे घ्यायचा

पाट दोन तुकड्यांत करायचा तर मधोमध कापायचा मोह होतो, साडेसदुसष्ट-साडेसदुसष्ट. तसं केलंत तर जोड नेमका पहिल्या सांध्याच्या पोटात येतो. रेल्वेत ज्याला सांधा म्हणतात तो म्हणजे हलणारी जिव्हा, तिच्या पातळ पाती, खालची हलणारी पट्टी. असल्या नाजूक भागाखालून पाट दुभंगला की ती रेल्वे कायमची आजारी. म्हणून जोड अशा जागी घ्या जिथे त्याच्यावरून कमीत कमी रूळ जातात आणि तेही सरळ, काटकोनात. माझ्या आराखड्यात डावे ४५ सेंटिमीटर फक्त एक सरळ लाइन आहे. तिथेच कापलं. एक पाट ४५ चा, दुसरा ९० चा. जोडावरून एकच लाइन जाते. जोडापासून सांधा ५ सेंटिमीटर लांब.

लाकूड

चालत रे रोडला गेले. तिथल्या लाकूडबाजारात एकट्या बाईने दोन हात प्लाय मागितला की दुकानदार आधी विचारतो, "किचनचं काम आहे का?" मी हो म्हणून टाकते. रेल्वे सांगितली की चौकशी वाढते.

मुंबईच्या हवेत पाइनच्या लाकडी पट्ट्यांच्या चौकटी करू नका. जूनमध्ये घेतलेली पट्टी दिवाळीपर्यंत पिळवटते. चौकटसुद्धा प्लायच्या पट्ट्यांची करा. प्लायमध्ये एकाआड एक थर आडवे-उभे असतात, त्यामुळे तो एका बाजूला ओढला जात नाही. प्लायवर शिक्का असतो. ३०३ म्हणजे साधा, त्यात एमआर म्हणजे ओल थोडीफार सोसणारा. ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्यात टिकणारा. दिवाणाच्या कोरड्या खणासाठी ३०३ पुरे, पण मी ७१० घेतला. पॅसेजचा अनुभव होता.

कापून काय आणायचं ते सांगते. वरचे पत्रे ६ मिलिमीटरच्या प्लायचे, एक ९० बाय ३०, एक ४५ बाय ३०. बाकी सगळं ९ मिलिमीटरच्या प्लायच्या ७ सेंटिमीटर रुंद पट्ट्या : ९० लांबीच्या दोन, ४५ च्या दोन, आणि २८.२ लांबीच्या सात. हे २८.२ कुठून आले? तीसमधून दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांची जाडी, ९ आणि ९ मिलिमीटर, वजा. शक्य असेल तर दुकानातल्या मशीनवरच कापून घ्या आणि सगळ्या सात पट्ट्या एकाच सेटिंगवर. दोन पट्ट्यांत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी चौकट डोलते. करवतीचं पातं दर कापाला तीनेक मिलिमीटर खातं, हे मापं लिहून देताना धरा.

आमच्या सोसायटीत काम करणारे मिस्त्री हे ढिगारं बघून म्हणाले, "ताई, एवढ्याशा खोक्याला एवढ्या पट्ट्या? याच्यावर हत्ती बसणार आहे का?" त्यांना अकरा मिलिमीटरची गोष्ट सांगितली. मग त्यांनी त्यांचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार, दोन दिवस माझ्याकडे ठेवला.

चौकट

सगळ्यात आधी काय करायचं, तर जोडावर समोरासमोर येणाऱ्या दोन २८.२ च्या पट्ट्या एकमेकींवर ठेवून क्लॅम्पने आवळायच्या आणि चारही भोकं दोघींतून एकदमच पाडायची. चौकट झाल्यावर भोकं पाडायला गेलात तर ती कधीच समोरासमोर येत नाहीत. चारातली दोन ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी, दोन ८ मिलिमीटरच्या सळीसाठी. सळीचे चार-चार सेंटिमीटरचे तुकडे एका पट्टीत अराल्डाइटने पक्के बसवायचे, दुसऱ्या पट्टीत ते घट्ट सरकायला हवेत. नऊ मिलिमीटरच्या प्लायमध्ये सळीला पकड कमी मिळते, म्हणून भोकं पाडायच्या आधीच दोन्ही पट्ट्यांना मागून दोन सेंटिमीटर जाडीचे ठोकळे चिकटवा. जागेवर बसवायचं काम सळीचं, आवळून धरायचं काम बोल्टचं. बोल्टला मोठे वायसर आणि हाताने फिरवायचे पंखवाले नट लावा, पाना शोधायला नको.

मग चौकट. मोठ्या पाटाला दोन टोकांच्या पट्ट्या आणि मध्ये दोन आडव्या, ३० आणि ६० वर. त्यांच्या जागा नक्की करण्याआधी ब्राऊन पेपर वर पसरून बघा की सांध्याची हलणारी पट्टी आडव्या पट्टीवर येत नाही ना. माझ्या सांध्यांच्या हलणाऱ्या पट्ट्या जोडापासून साधारण ५ आणि २३.५ वर आहेत, म्हणून ३० मोकळा. लहान पाटाला मध्ये एक आडवी पुरते. कोपऱ्यात आतून पाइनचे छोटे चौकोनी ठोकळे, फेविकॉल, आणि आधी बारीक ड्रिलने भोक पाडून मग स्क्रू. भोक न पाडता प्लायच्या कडेत स्क्रू पिळलात तर थर पुस्तकासारखे उघडतात.

फेविकॉल ओला असतानाच कर्ण मोजा. गुण्या कोपरा सांगतो, कर्ण अख्खी चौकट सांगतो. मोठ्या पाटाचे दोन्ही कर्ण ९४.९ यायला हवेत, लहान पाटाचे ५४.१. एक जास्त आला तर त्या दोन कोपऱ्यांना हलकेच दाबा. बरोबर आले की वजन ठेवून रात्रभर विसरा. माझ्याकडे वजन म्हणजे पाटा-वरवंटा. मिक्सर आल्यापासून त्याला तेवढंच काम.

वरचा पत्रा दुसऱ्या दिवशी. मग सँडिंग सीलरचे दोन हात : वरून, खालून, कडांना. खालून नक्की. एकच बाजू रंगवली की उघडी बाजू पावसाळ्यात हवेतली ओल पिते, रंगवलेली पीत नाही, आणि पाट वाकतो. माझ्या पहिल्या पाटाच्या वरच्या बाजूला सुंदर हिरवा ऑइलपेंट होता. खालची कोरी.

जोडावरचे रूळ

या एका जागेवर मी जेवढा वेळ घालवला तेवढा बाकी सगळ्या रुळांवर मिळून नाही.

रुळांखाली ३ मिलिमीटरची कॉर्क शीट. दोन्ही पाट बोल्टने आवळून टेबलावर घ्या. जोडाच्या दोन्ही बाजूंना, काठापासून सात-आठ मिलिमीटर आत, प्रत्येक रुळाच्या बरोबर खाली एक-एक पितळी स्क्रू येईल अशा खुणा करा. दोन रूळ, दोन बाजू, म्हणजे चार स्क्रू. तेवढ्या भागातले प्लॅस्टिकचे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, कापून काढा. स्क्रू इतका वर ठेवायचा की त्याच्या डोक्यावर रूळ टेकेल पण उचलला जाणार नाही. रुळावर पोलादी पट्टी उभी धरून खालून उजेड बघा, उजेड दिसला की पाव फेरा पिळा. मी एकेका स्क्रूला दहा-दहा मिनिटं असे पाव-पाव फेरे दिले.

स्क्रूचं डोकं कानशीने घासून चकचकीत करा, आधी त्यावरच कथिलाचा पातळ थर द्या. रुळाचा तळही घासा. मग रूळ सलग, जोड ओलांडून, न कापता ठेवा. शेजारच्या स्लीपरवर ओलं फडकं घाला, नाहीतर ते वितळतात. तापलेली सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्याला लावा. रूळ पातळ, तो लगेच तापतो; स्क्रू जाड, त्याला वेळ लागतो. कथिल स्वतःहून रुळाखाली ओढलं गेलं की काम झालं. गोळी होऊन बसलं तर डाग कच्चा, पुन्हा करा. चारही थंड झाले की बारीक दात्यांच्या करवतीने बरोबर जोडावर दोन्ही रूळ कापा.

आधी कापून मग जुळवायला जाऊ नका. आधी जोडून मग कापलेले रूळ जन्मतःच जुळलेले असतात.

बाकीचे रूळ फेविकॉलने कॉर्कवर चिकटवा आणि फिशप्लेटपाशी (रुळांची टोकं जोडणाऱ्या पट्टीपाशी) व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा. लोक म्हणतात उन्हाळ्यात रूळ वाढतो म्हणून. एवढ्या लांबीत रूळ काय वाढणार? खोड असते लाकडाची. पावसाळ्यात फुगलेला पाट दिवाळीनंतर आकसतो आणि रुळांची टोकं एकमेकांना ढकलतात. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रूळ टाकत असाल तर फट विसरू नका.

वीज

इंजिन १२ व्होल्ट डीसीवर चालतं. दोन तारा, दोन रूळ, एक कंट्रोलर. या आराखड्याची गंमत अशी की वीज फक्त डोक्याकडच्या लाइनीला दिली, म्हणजे दोन्ही सांध्यांच्या टोकाकडून, की पुढे सांधाच ती वाटतो. जिकडे सांधा लावला ती साइडिंग जिवंत, दुसरी मेलेली. एकही इन्सुलेटेड फिशप्लेट लागत नाही. साइडिंगच्या शेवटाला चुकून वेगळी वीज देऊ नका, मग मात्र शॉर्ट होईल.

जोडावर विजेसाठी रुळांवर विसंबू नका. मोठ्या पाटावर जोड आणि पहिला सांधा यांमधल्या ५ सेंटिमीटरच्या तुकड्याला एक तारांची जोडी, लहान पाटावरच्या लाइनीला दुसरी, आणि दोघींमध्ये लॅमिंग्टन रोडवर मिळतो तो दोन पिनांचा कनेक्टर.

एक अनुभव. मी आधी एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तसला स्वस्तातला अडॅप्टर लावला होता. विकणारा म्हणाला शॉर्ट झाला की आपोआप बंद होतो. एकदा डबा घसरून सांध्यावर आडवा पडला आणि मी फोनवर बोलत होते. वास आला म्हणून वळले तर चार स्लीपर तुपासारखे पातळ झालेले. तेव्हापासून एका तारेच्या मध्ये गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब टाकला आहे, १२ व्होल्ट २१ वॉटचा. इंजिन नेहमीसारखं चालत असताना तो पेटत नाही. शॉर्ट झालं की सगळी वीज त्याच्यात जाते, तो लखकन पेटतो, आणि प्रवाह पावणेदोन अँपियरच्या वर जाऊच शकत नाही. रिक्षाचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळतो.

सांधे हलवायला मोटर लावली नाही. सायकलची स्पोक, चौकटीतून आरपार, वरच्या टोकाला मणी. ओढा, ढकला.

गोदामं आणि खडी

हा भाग तुमच्या हौशीवर सोडते, फक्त काय करू नये तेवढं सांगते. वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची माती झकास दिसते असं मी कुठेतरी ऐकलं आणि सगळ्या यार्डात पसरली. मार्चमध्ये केली, मे महिन्यात पाहुण्यांनी कौतुक केलं. जुलैत खण उघडला तर अख्ख्या गोदीवर कापूस पिकलेला. पांढरी, मऊ बुरशी, अगदी गोदामांच्या दारापर्यंत. कॉटन ग्रीन नावाला शोभलं असतं, पण वास सहन होईना. सगळं खरवडलं. आता विटेचा चाळलेला चुरा आणि गेरू, अन्नाचा कण नाही.

खडीला इमारतीच्या कामावरची काळी कच चहाच्या गाळणीतून गाळून, धुऊन, वाळवून. चुंबक फिरवून घ्या, लोखंडाचा कण इंजिनाच्या मोटरीत गेला तर ती संपली. रुळांमध्ये पसरून ब्रशने सारखी करा, पाण्याचा फवारा मारा, मग फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, इंजेक्शनच्या सिरिंजने. साबणाशिवाय थेंब खडीवर गोळा होऊन बसतो आणि खड्डे पाडतो. सांध्याच्या हलत्या भागाजवळ खडी चिकटवू नका, तिथे नुसता काळा रंग.

गोदामं जाड पुठ्ठ्याची, लग्नपत्रिकांच्या खोक्यांतून. १४ सेंटिमीटरच्या आत.

डबे

हलके डबे ढकलताना घसरतात. अमेरिकन हौशी लोकांचा ठोकताळा आहे : एचओच्या डब्याला मुळात २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४. माझ्या दहा सेंटिमीटरच्या डब्याला ८४-८५ ग्रॅम होतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि कमी पडेल तेवढे नट आत चिकटवा, मधोमध, दोन चाकांच्या आतच. आठही डबे एका वजनाचे करा.

टेबल मात्र समतल हवं. वजनदार आणि सुटसुटीत फिरणारा डबा जराशा उतारावरही आपण बघत नसताना चालू लागतो. आमच्या टेबलाच्या खिडकीकडच्या पायाखाली त्यासाठी कायम एक घडी घातलेलं बसचं तिकीट आहे. पाणसळ ठेवून बघा, बुडबुडा मध्ये आला की मगच डबे काढा.

जोडण्या सोडवायला अगरबत्तीची जळून उरलेली काडी. टोक तासून चपटं केलं की दोन डब्यांच्या मध्ये बरोबर जातं.

डब्यांवर मी पांढऱ्या पेन्सिलीने १ ते ८ आकडे लिहिलेत, वडील वाचायचे तसे जरा तिरपे. त्याच आकड्यांच्या आठ चिठ्ठ्या हिंगाच्या डबीत आहेत. जेवणानंतर हे डबी हलवतात, पाच चिठ्ठ्या काढून टेबलावर ओळीने मांडतात आणि घड्याळ लावतात. सात नंबर पाचच्या साइडिंगमध्ये सगळ्यात आत उभा असेल आणि पहिली चिठ्ठी सातचीच निघाली, तर मी आधी जाऊन चहा ठेवते.